गार खोलीतला वास

सिद्धेश शिवलकरने भिंतीवरचा डाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला डागाचं काही वाटलं नाही. तो थबकला वासामुळे.

एसीच्या खाली भिंतीला लाकडी फळ्या बसवल्या होत्या. त्यांतल्या दोन फळ्यांच्या सांध्यात पंजाएवढी काळपट ओल उमटली होती. बोटाने पुसायला तो वाकला आणि तसाच राहिला. बुरशीचा कुबट वास होताच, पण त्याच्या आड आणखी एक वास होता. दिवसभर बंदरावर वावरलेल्या माणसाच्या मानेचा, घामाने कडक झालेल्या कॉलरचा. हा वास जगात एकाच माणसाला होता. अप्पांना.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, दत्ताराम शिवलकर. त्यांना जाऊन दोन पावसाळे उलटले होते. मिरकरवाड्याला त्यांचं बोटींच्या इंजिनांचं दुकान होतं आणि आता ते सिद्धेश चालवत होता. ही खोली अप्पांचीच. ते गेल्यावर शिवलकरांनी तिची गार खोली केली, कारण घरात तीच सर्वांत मोठी होती.

रत्नागिरीत तेव्हा प्रत्येक घरात गार खोली असावी लागे. समुद्र तापला होता आणि उन्हाळ्यात हवेत इतकी वाफ साचायची की अंगावरचा घाम वाळायचा नाही. घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. मग सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही दुपार उलटायच्या आत दगावू शकतो. तशी माणसं दगावलीही होती. तेव्हापासून नियम झाला: एक खोली, फटी बुजवलेली, चोवीस तास एसी चालू. हवेतली वाफ आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली की नगरपालिकेचा भोंगा वाजायचा. मग घरातल्या सगळ्यांनी आत जायचं, दार लावून घ्यायचं आणि पुन्हा भोंगा होईपर्यंत बाहेर पडायचं नाही.

त्या दिवशी दुसरा भोंगा झाल्यावर सगळे बाहेर गेले, पण सिद्धेश आतच बसून राहिला. अप्पांची खुर्ची त्याने डागाजवळ ओढली आणि डोळे मिटले. लहानपणी अप्पा त्याला नव्या इंजिनाची चाचणी घ्यायला बोटीवर नेत. सुकाणूवर त्याचे हात आणि त्याच्या हातांवर अप्पांचे हात. मागून तो वास आणि समोर सगळा समुद्र. अप्पा फार बोलायचे नाहीत. शाबासकीही द्यायचे नाहीत. पण त्या वासात उभं असताना आपल्याला काही होणार नाही असं त्याला वाटायचं. तसं त्यानंतर त्याला कधीच वाटलं नव्हतं.

एसीचं पाणी गळतंय, मिस्त्रीला बोलाव, असं केतकीने त्याला दोनदा सांगितलं. केतकी त्याची बायको. कॉलेजात भूगोल शिकवायची. सिद्धेश ‘बघतो’ म्हणाला. त्याने फळीखाली एक पातेलं ठेवलं, ते भरलं की ओतायचा आणि परत ठेवायचा. मिस्त्रीला मात्र त्याने बोलावलं नाही. दुकानातून आला की तो थेट गार खोलीत जायचा. भोंगा असो नसो, जेवणाची हाक येईपर्यंत तिथेच बसायचा. डाग वाढत फळीभर झाला. वासही वाढला.

*

याच सुमारास त्याची आई बदलत गेली.

अप्पा गेल्यावर शैलजाबाई खचतील असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी तीन चाकांची स्कूटर चालवायला शिकून घेतली. संध्याकाळी एकट्या मांडवीच्या जेट्टीवर जाऊन भेळ खाऊन यायच्या. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावायच्या आणि त्याच्याबरोबर स्वतःही गायच्या, बऱ्यापैकी बेसूर. केतकीला त्याची गंमत वाटायची. सिद्धेशला, खरं सांगायचं तर, थोडा रागही यायचा.

त्या उन्हाळ्यात रेडिओ बंद झाला. स्कूटर धूळ खाऊ लागली. भोंगा वाजला की शैलजाबाई गार खोलीत यायच्या, दाराशी टेकायच्या आणि काहीतरी कारण काढून बाहेर पडायच्या. गॅस बंद केला का बघते, दूध आत ठेवायचं राहिलं. परत यायला मग खूप वेळ लागायचा.

एका दुपारी भोंगा वाजून बराच वेळ झाला तरी त्या आल्या नाहीत म्हणून सिद्धेश त्यांना बघायला गेला. त्या ओट्यापाशी त्याच्याकडे पाठ करून बांगड्याचं तिखलं ढवळत होत्या. मानेवरून घाम ओघळत होता. आता हाक मारावी म्हणून तो दारात थांबला आणि त्याने मारली नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तो नुसता उभा राहिला.

शैलजाबाईंचा हात थांबला. पळी पातेल्यावर आपटून खाली पडली.

“झालंच हं,” त्या मागे न बघता म्हणाल्या. आवाज बारीक होता, एखाद्या शाळकरी पोरीसारखा. “आत्ता वाढते. तेवढं उकळू द्या.”

‘द्या’ ऐकून सिद्धेशच्या अंगावर काटा आला. आई त्याला कधीच अहोजाहो करत नव्हती. त्याने हाक मारली तेव्हा त्या वळल्या, त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली. मग त्यांनी निमूटपणे पळी उचलून धुतली.

डॉक्टरांनी विसराळूपणाच्या चाचण्या केल्या आणि या वयात असं सुरू होऊ शकतं म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या. सिद्धेश त्या वेळेवर देत राहिला.

पुढच्या आठवड्यात केतकी कॉलेजात आणि सिद्धेश दुकानात असताना भोंगा वाजला. दोघं आपापल्या जागच्या गार दालनात अडकले. दुसरा भोंगा झाल्यावर केतकी घरी आली तेव्हा शैलजाबाई स्वयंपाकघरात फरशीवर पडल्या होत्या. अंग भाजत होतं आणि घाम येणं थांबलं होतं. गार खोली दहा पावलांवर होती. दार उघडं, एसी चालू.

*

त्या वाचल्या. पण घरात चालू गार खोली असताना बाई बाहेर का राहिली, हा प्रश्न नगरपालिकेलाही पडला. आरोग्य विभागाने चौकशीला डॉ. नाझनीन मुकादम यांना पाठवलं. त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या, मूळच्या राजिवड्याच्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी नाक वर केलं आणि विचारलं, “इथे आत्ता कोण होतं?”

कुणीच नव्हतं.

त्यांनी एक फळी सैल करून आत विजेरी मारली, नमुना घेतला आणि बाहेर येऊन सिद्धेश आणि केतकीला समजावून सांगितलं. एसीच्या आतल्या गार पट्ट्यांवर धूळ बसली की तो जास्त वीज खातो. घरातली धूळ म्हणजे बरेचसे आपल्याच कातडीचे सुटलेले पापुद्रे आणि त्यांना चिकटलेलं अंगाचं तेल. म्हणून हल्लीच्या एसींत पट्ट्यांवर जिवाणूंचा एक थर देतात. प्रयोगशाळेत घडवलेले हे जिवाणू ते तेल खाऊन पट्ट्या साफ ठेवतात. ते फक्त थंडीत आणि ओलीत जगतात. बाहेर पडले की मरावेत, अशीच त्यांची रचना असते.

“पण तुमची पाणी जायची नळी तुंबलीय,” त्या म्हणाल्या. “पाणी उलटं फिरून फळ्यांमागे गेलं आणि या जिवाणूंना घेऊन गेलं. तिथेही त्यांना थंडी मिळाली, ओल मिळाली. भिंतीवर आपली नेहमीची काळी बुरशी होतीच. दोघांनी संसार थाटला. बुरशीने आसरा दिला, यांनी तेल फोडून तिला खाऊ घातलं. तेल फुटलं की हलके रेणू सुटतात आणि हवेत उडतात. आपल्या अंगाला वास येतो तो असाच, कातडीवरचे जिवाणू घाम आणि तेल फोडतात म्हणून. असं समजा, तुमच्या भिंतीला काख फुटलीय.”

केतकीने तोंडावर हात ठेवला. सिद्धेशने विचारलं, वास एखाद्या ठरावीक माणसाचा येऊ शकतो का?

येऊ शकतो, त्या म्हणाल्या. ज्याचं तेल, त्याचा वास. प्रत्येकाच्या तेलाची घडण वेगळी असते.

तेव्हा त्याने प्रथमच अप्पांचं नाव घेतलं. अप्पा या खोलीत वर्षानुवर्षं झोपले, फळ्यांमागे त्यांची धूळ साचली असेल, तर ते अशक्य नाही, असं डॉक्टर मुकादम म्हणाल्या. मात्र ही बुरशी लवकर काढा, फुप्फुसांना घातक आहे. सिद्धेशने जरा चाचरत विचारलं की थोडीशी जिवंत ठेवता येईल का. बाटलीत, कुठेतरी. त्यांनी प्रयोगशाळेत ठेवीन म्हणून सांगितलं. तेवढ्याने त्याचे डोळे भरून आले.

त्याच भरात तो इस्पितळात गेला आणि आईला सगळं सांगून बसला. भास नाही, विसराळूपणा नाही, आई. अप्पांचा वास खरंच आहे खोलीत. त्याला वाटलं होतं, तिला धीर येईल.

शैलजाबाईंनी त्याच्याकडे मान वळवली.

“तुला आवडतो तो वास?” त्यांनी विचारलं.

त्याने मान डोलावली.

“मला तो पाठीत कळतो,” त्या म्हणाल्या. “मारायचे नाहीत ते मला. ओरडायचेही नाहीत. मी ओट्याशी असले की मागे येऊन उभे राहायचे. पावलांचा आवाज नाही, काही नाही. आधी वास यायचा. मग काहीही करत असले तरी माझा हात चुकायचा. ते त्याचीच वाट बघत असायचे. चुकला की भांडं उचलून मोरीत ओतायचे आणि म्हणायचे, पुन्हा. कधी एकदा, कधी तीनदा. तू शाळेतून यायचास आणि म्हणायचास, आज जेवायला इतका उशीर का.”

सिद्धेशला ते आठवलं. भुकेने पोटात कळ यायची आणि आईचा राग यायचा. अप्पा शांतपणे पेपर वाचत बसलेले असायचे.

कुणाला सांगितलं का नाही, असं त्याने विचारलं.

“काय सांगू? मागे उभे राहतात म्हणून?”

*

भिंत त्याने स्वतः साफ केली. मिस्त्रीने नळीत अडकलेला बुळबुळीत गोळा काढला आणि पाणी बाहेर जाईल असा नळीला उतार दिला. फळ्या काढायला मात्र सिद्धेशने त्याला हात लावू दिला नाही. बाहेर दिसत होता तो नुसता काठ होता. फळ्यांमागे भिंत खालपासून वरपर्यंत काळी आणि मखमलीसारखी झाली होती. शेवटची फळी निघाली तेव्हा वास इतका दाट आला की तो दोन पावलं मागे सरला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण ताठ उभे आहोत आणि दोन्ही हात पाठीमागे धरले आहेत. दुकानात गडबड केल्यावर अप्पांपुढे तो असाच उभा राहायचा.

डॉक्टर मुकादम यांनी हे आधीच सांगितलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत थोडं थांबतं, तपासलं जातं, मग मनाला लागतं. वास मागच्या दाराने येतो आणि थेट भीतीच्या आणि मायेच्या जागी जाऊन बसतो. काय झालं ते कळायच्या आधी अंग वागून मोकळं होतं.

त्याने तोंडावर मुसकं बांधलं. बुरशी उडू नये म्हणून भिंत साबणाच्या पाण्याने भिजवली आणि पत्रा घेऊन खरवडायला लागला. गिलावा सुटून विटा दिसेपर्यंत त्याने ती खरवडली. रडला नाही. मलबा पिशव्यांत बांधून खाली नेला, पंखे लावून भिंत सुकवली, औषध मारलं आणि वर चुना दिला. खोलीला नुसता चुन्याचा वास यायला लागला.

शैलजाबाई घरी आल्या, गार खोलीत गेल्या, भिंतीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. स्वयंपाकघरात रेडिओ पुन्हा सुरू झाला. केतकी म्हणाली, संपलं एकदाचं.

डॉक्टर मुकादम यांचं काम संपलं नव्हतं. गावात अशा आणखी भिंती असतील म्हणून त्यांना या बुरशीचा पुरता अभ्यास करायचा होता. त्यांनी अप्पांची एखादी न धुतलेली वस्तू मागितली. कपाटात टोपी मिळाली. घरातल्या तिघांच्या मानेवरूनही त्यांनी कापूस फिरवून नेला.

काही दिवसांनी त्या दुकानात आल्या. सिद्धेश गिऱ्हाइकाला नवं इंजिन दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या थांबल्या.

“टोपी आणि भिंत जुळत नाहीत,” त्या म्हणाल्या. “फार जवळ आहेत, पण एक नाहीत.”

मग वास कुणाचा, असं त्याने विचारलं.

“तुमचा.”

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी सावकाश सांगितलं. मेलेल्या माणसाची धूळ ती कितीशी आणि किती दिवस पुरणार? ती बुरशीने कधीच संपवली असेल. वाढायला तिला रोज ताजं अन्न लागतं. खोलीत सर्वांत जास्त वेळ कोण बसत होतं, तेही अगदी भिंतीला लागून? तेलाची घडण बापाकडून मुलाकडे येते आणि वयाबरोबर बदलते. चाळिशीनंतर त्यात काही नवे रेणू येतात. तुम्ही आता त्या वयाचे झालात, ज्या वयात तुमच्या आईंनी तुमच्या वडिलांना सर्वांत जास्त पाहिलं असेल.

“भिंत तुमचाच वास मोठा करून सांगत होती,” त्या म्हणाल्या. “यात तुमचा दोष नाही. हे फक्त तेल आहे.”

त्या गेल्यावर त्याने स्वतःच्या मनगटाला नाक लावलं. काहीच आलं नाही. स्वतःचा वास स्वतःला येत नाही.

*

घरी आल्यावर त्याने केतकीला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही याचंच त्याला आश्चर्य वाटलं. तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाली, “मला हल्ली तुझ्याकडे पाठ करून उभं राहवत नाही.”

मी काय करतो, त्याने विचारलं.

“काही नाही. येऊन उभा राहतोस. बोलत नाहीस.”

कधीपासून, ते तिला नक्की सांगता येईना. दुकान तुझ्याकडे आल्यापासून असेल, ती म्हणाली. आधी मला वाटलं, दमलेला असतोस. नंतर भाजी चिरताना तू मागे आलास की मी सुरी खाली ठेवायला लागले.

त्याला आईच्या हातून पडलेली पळी दिसली. त्या दुपारी तो दारात हाक न मारता उभा राहिला होता. तेव्हा ती भिंत दहा पावलांवर होती, वास फळ्यांमागे होता. तिथे फक्त तो होता.

त्यानंतर सिद्धेशने घरात कमी राहायला सुरुवात केली. तो दोनदा-तीनदा अंघोळ करायचा, साबण बदलून बघायचा, घरात शिरताना मोठ्याने बोलत यायचा. भोंग्याची वेळ तो बंदरावरच्या सार्वजनिक दालनात खलाशांच्या गर्दीत काढायचा. रविवारी बंदर बंद असायचं. एका रविवारी भोंगा झाला तेव्हा आई आणि केतकी गार खोलीत गेल्या आणि तो स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसला. दोघींना सांगितलं, आलोच.

थोड्या वेळाने त्याला श्वास जड वाटायला लागला. बनियन अंगाला चिकटलं. डोकं ठणकत होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. आई इथे किती वेळ बसत असेल, याचा तो विचार करत होता.

दारात शैलजाबाई आल्या.

“आत चल.”

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि मग कारण सांगितलं. टोपीचं, भिंतीचं, तेलाचं, केतकी काय म्हणाली त्याचं, सगळं. त्यांच्याकडे न बघता, घाम पुसत, तुटक तुटक.

“मला ठाऊक होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “घरी आले त्याच दिवशी कळलं. वास खोलीतून गेला होता, पण तू जवळून गेलास की येत होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“चल आधी. इथे माणूस मरतो.”

त्यांनी त्याचा दंड धरला. उठताना त्याचा तोल गेला तेव्हा त्यांनी त्याला सावरलं आणि तसंच धरून गार खोलीत नेलं. केतकीने दार लावून पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन तो दाराशीच जमिनीवर बसायला लागला.

“तिथे नको,” शैलजाबाई पलंगावर बसत म्हणाल्या. “समोर बस. मला दिसशील असा.”

तो खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. एसीचा वारा त्याच्या मानेवरून त्यांच्याकडे जात होता. त्यांच्या मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती आणि नखं पांढरी पडली होती.

“वास येतो का?” त्याने विचारलं.

“येतो,” शैलजाबाई म्हणाल्या.

त्याने खुर्ची मागे घ्यायला हात टेकले. त्यांनी नको म्हणून मान हलवली. बोटं सुटली नाहीत, पण त्या उठल्याही नाहीत. भोंगा पुन्हा वाजेपर्यंत त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिल्या.